अंगठ्याचा नेम

"डाव्या हातातून घेतलं तर चालेल?" असं विचारून त्याने मान भिंतीकडे फिरवली.

मी रबरी पट्टा हातात घेऊन उभी होते. आमच्या लॅबमध्ये सकाळी रक्त द्यायला येणारी माणसं उपाशीपोटी असतात, त्यामुळे जरा तुसडी असतात. हा तुसडा नव्हता. हा घाबरलेला होता, आणि ते कळू नये म्हणून हात कसे धुवावेत याचा भिंतीवरचा तक्ता परीक्षा असल्यासारखा वाचत होता.

"डाव्या हाताची नस सापडत नाहीये," मी म्हटलं. "उजवा द्या."

"उजव्याला संध्याकाळी काम आहे."

"कसलं?"

"नेमबाजीचं."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. माझ्याहून थोडा मोठा असेल. कपाळावर घामाचे बारीक थेंब, शर्टाची बाही कोपराच्या वर व्यवस्थित दुमडलेली.

"नेमबाज माणूस एवढ्याशा सुईला घाबरतो?"

"कॉम्प्युटरवरची नेमबाजी आहे. तिथे सुया नसतात."

त्याने नाइलाजाने उजवा हात पुढे केला. मनगटाखाली, तळव्याच्या कडेला, कातडी जाड झाली होती. टेबलावर रोज घासून होते तशी. 

"माऊस," मी म्हटलं.

आता त्याची नजर तक्त्यावरून निघाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"मीही खेळते. मूठ आवळा."

"पीसीवर?"

"कन्सोलवर. सोफ्यावर मांडी घालून, पॅड हातात घेऊन."

"अच्छा," तो म्हणाला. त्या एका 'अच्छा'मध्ये एवढी दया भरलेली होती, की माझे कान तापले.

"अच्छा म्हणजे?"

"काही नाही. मजा येत असेल. म्हणजे... नेम काय, तुमचा खेळच धरून देतो ना."

हे पीसीवाल्यांचं जुनं टुमणं. पॅडवर बोटाएवढ्या दांडीने, अंगठ्याने नेम धरायचा असतो. माऊसइतकं बारीक काम त्यात होत नाही, म्हणून शत्रू जवळ आला की खेळ आपला नेम किंचित त्याच्याकडे ओढतो. किंचित. पण पीसीवाल्यांना विचाराल तर आम्ही सोफ्यावर झोपा काढतो आणि गोळ्या आपोआप लागतात.

"आणि तुम्ही लोक," मी म्हटलं, "अख्खा हात टेबलावर टाकून इस्त्री केल्यासारखा माऊस फिरवता, त्याला कौशल्य म्हणता."

"इस्त्री?" तो दुखावला. "अहो, अंगठ्याने नेम धरणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं. ती मदत काढून घेतली तर तुमच्यातला एक जण –"

"झालं. कापूस दाबून धरा."

"काय झालं?"

"रक्त घेऊन झालं."

त्याने माझ्या हातातली भरलेली नळी पाहिली, मग मला पाहिलं. चेहरा आधी पांढरा पडला, आणि मग त्यावर हळूहळू हसू पसरलं. ते हसू मला नको तितकं आवडलं.

"टोचलंत कधी?"

"इस्त्री चालू होती तेव्हा."

बाही खाली करत तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "बाजारामागे गेमिंगचा हॉल आहे. मी तिथे मशीन लावतो, आणि स्पर्धा असली की पंच असतो. या एकदा. अंगठा घेऊन या."

"अंगठा घरी ठेवून कुठे जाणार," मी म्हटलं. पण तोवर पुढचा माणूस आत आला होता, आणि माझं पट्टा बांधण्याकडे अजिबात लक्ष नव्हतं.

त्या आठवड्यात मी गेले. कशाला, ते मला विचारू नका.

तो हॉल पूर्वी टायपिंगचा क्लास होता. क्लास चालवायच्या त्या मालकीणबाईच आता हॉल चालवत होत्या. टेबलं तीच, शिस्तही तीच. खेळातलं त्यांना काही कळत नसे, पण कोणी शेजाऱ्याच्या स्क्रीनवर डोकावलं की त्यांना पाठमोऱ्याही कळे. हॉलमध्ये सगळे त्याला 'पंच' म्हणत. मीही तेच म्हणायला लागले. माझं नाव त्याने पहिल्याच दिवशी खेळाच्या यादीत परस्पर टाकून दिलं – 'सुई'.

"बसा," तो म्हणाला, आणि मला एका पीसीसमोर बसवलं.

मी इतकी वाईट खेळले, की शेजारचा पोरगेला खेळाडू खुर्ची सरकवून लांब बसला. डाव्या हाताच्या बोटांनी चालायचं, उजव्या हाताने बघायचं. माझी बोटं एकमेकांत अडकत. मी भिंतीला नाक लावून धावत होते आणि मागून कोणीही येऊन मला मारून जात होतं.

"कोपरातून हलवा," पंच माझ्या मागे उभा राहून म्हणाला. "मनगट सैल सोडा. माऊसचा गळा दाबू नका."

"सैलच आहे."

"नाहीये." त्याचा हात माझ्या हाताकडे निघाला आणि मध्येच थांबला. "हात... लावू का?"

"मी रोज कितीतरी लोकांचे हात धरते. विचारत बसत नाही."

"तुम्ही त्यांना टोचता."

"मग तुम्ही टोचू नका."

त्याने माझ्या मनगटाखाली दोन बोटं ठेवली. नुसती ठेवली. माझा हात खरंच सैल झाला, नेम अलगद सरकला, आणि समोरचा शत्रू पडला. त्याने बोटं काढून घेतली तरी ती जागा मला बराच वेळ वेगळी जाणवत राहिली.

मग फेड म्हणून मी त्याला घरी बोलावलं. आमचा कन्सोल खरं तर दादाचा. त्याचं लग्न झालं, नोकरी दुसऱ्या शहरात लागली, आणि वहिनीने घरात एकच काय ते येईल, मी किंवा तो डबा, असं हसत हसत सांगितल्यावर कन्सोल माझ्या वाट्याला आला. बाबा कामानिमित्त सतत फिरतीवर, त्यामुळे संध्याकाळी टीव्हीवर माझं आणि आईचं राज्य असायचं.

पंच सोफ्याच्या काठावर, इंटरव्ह्यूला आल्यासारखा ताठ बसला. आई समोर मटार सोलत होती. मी त्याच्या हातात पॅड दिला आणि खेळ सुरू केला. दोन्ही अंगठ्यांचं त्याला जमेना. त्याचा सैनिक आभाळाकडे तोंड करून गोल गोल फिरायला लागला.

थोडा वेळ बघून आई म्हणाली, "हा सारखा वर काय बघतोय? पत्रा गळतोय का तिथला?"

"आई, त्याला मान खाली आणता येत नाहीये."

"मग दाखव की त्याला. पाहुण्याला असं तंगवत ठेवतात?"

मी त्याच्या शेजारी सरकले. "दांडी दाबू नका. अंगठा नुसता ठेवा. जायचंय तिथे मनाने आधी जा, अंगठा मागून येतो."

"हे काय शिकवणं झालं?"

"मला असंच येतं."

मी त्याचा अंगठा धरून दांडीवर ठेवला. त्याचा सैनिक आभाळातून खाली आला, समोर कोणीतरी दिसलं, आणि नेम किंचित त्याच्याकडे ओढला गेला. पंच दचकला.

"ही ती मदत?"

"हीच. जाणवली?"

"एवढीशी?"

"एवढीशीच."

तो पॅडकडे बघत राहिला. "म्हणजे बाकीचं सगळं..." तो म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडून माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत आता दया नव्हती. दुसरंच काही होतं, आणि ते बघून मला पॅड कुठे ठेवू, हात कुठे ठेवू, कळेना. आई मटारची टरफलं टाकायला आत गेली आणि चांगला वेळ लावून बाहेर आली.

त्यानंतर स्पर्धा जाहीर झाली. पीसी आणि पॅड, दोघांनी एकाच मैदानात उतरायचं, जिंकेल त्याला हॉलच्या संघात जागा. त्या संघात पॅडवाला कधीच घेतला गेला नव्हता. मी नाव दिलं. आजवर पॅड घेऊन मी घरच्या सोफ्याशिवाय कुठे खेळले नव्हते, आणि मला ती जागा हवी होती. 'मदतीवर खेळतात' हे वाक्य मला एकदा तरी समोरासमोर खोडायचं होतं.

नाव देऊन निघाले तेव्हा तो मला बस स्टॉपपर्यंत सोडायला आला. आभाळ भरून आलं होतं.

"स्पर्धेत पंच मी आहे," शेवटी तो म्हणाला.

"माहितीये."

"मग... बाईंना सांगायला हवं."

"काय?"

"आपलं."

"आपलं काय?" मी विचारलं. मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

तो रस्त्याच्या टोकाकडे बघायला लागला, जणू बसच त्याला शब्द आणून देणार होती. "ओळख आहे... ते."

"ओळख तर तुमची हॉलमधल्या सगळ्यांशीच आहे," मी म्हटलं. आवाज हवा होता त्यापेक्षा कोरडा निघाला. "मग सगळ्यांचंच सांगा."

बस आली. मी चढले, मागे वळून पाहिलं नाही. त्याने बाईंना काही सांगितलं नाही.

स्पर्धा रविवारी होती. भर दुपारी हॉलचे पडदे ओढलेले, एका बाजूला पीसीची रांग, दुसऱ्या बाजूला पॅडवाल्यांसाठी मांडलेले स्क्रीन, आणि मधल्या उंच खुर्चीवर पंच. मी आत गेले तेव्हा त्याने सगळ्यांना केली तशीच मान हलवली. मीही तशीच हलवली. अनोळखी माणसाशी अनोळखी वागणं सोपं असतं. हे वागणं अंगावर ओझ्यासारखं बसत होतं.

पहिल्या फेऱ्या मी जिंकले. कशी जिंकले ते मला आठवत नाही, कारण मान वर केली की खुर्ची दिसायची, म्हणून मी मान वर केलीच नाही. उपांत्य सामन्यात माझ्यासमोर आला तो गेल्या वेळचा विजेता. सगळे त्याला 'खांब' म्हणत. तसाच उंच, तसाच सरळ, आणि हसताना कोणी पाहिलेला नाही.

आमची बरोबरी झाली. शेवटची फेरी राहिली.

मैदानात धूर सोडलेला होता. मी एका पडक्या भिंतीआड बसले होते. समोरचं काही दिसत नव्हतं. हेडफोनमध्ये माझाच श्वास घुमत होता. मग मागून – अगदी हलकं – खड्यावर पाय पडल्याचा आवाज आला. मी विचार केला नाही. अंगठा गेला. मैदान गर्रकन फिरलं, धुराशिवाय काही दिसलं नाही, आणि तरी मी गोळी झाडली.

स्क्रीनवर माझं नाव आलं. सुई विजयी.

हॉलमध्ये कोणी टाळी वाजवायच्या आत खांबाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "माझा आक्षेप आहे."

सगळं थांबलं.

"धुरात ती मदत चालत नाही," तो शांतपणे म्हणाला. "हे सगळ्यांना माहीत आहे. नुसत्या अंगठ्याने एवढ्या वेगात मागे वळून नेम बसत नाही. पॅडच्या आत चिप बसवून मिळते. ती असेल तर बसतो. मला पॅड उघडून हवा."

पन्नास डोळे माझ्या हातांवर आले. घरून आणलेला माझा पॅड घामाने ओला झाला होता, आणि तेवढ्यानेही मी चोरटी दिसत असेन असं मला वाटलं. मी पंचाकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच सरळ पाहिलं. यानेच तर माझ्या घरी बसून ती मदत केवढीशी असते ते बघितलं होतं. याला माहीत होतं मी कशी खेळते. याने फक्त एवढंच म्हणायचं होतं.

तो खुर्चीवरून उतरला. ड्रॉवरमधून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्यासमोर आला. मी पॅड त्याच्या हातात दिला. माझी बोटं त्याच्या गार बोटांना लागली.

त्याने पॅड उलटा केला. पहिल्या स्क्रूवर टोक टेकवलं. आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं?" मालकीणबाई मागून म्हणाल्या.

त्याने स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. "बाई, हा पॅड मी उघडू शकत नाही. हा निर्णय मी देऊ शकत नाही."

"का?"

"मी हिला ओळखतो."

हॉलमध्ये कुजबुज उठली. बाई चष्मा सारखा करत पुढे आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

"ओळखता म्हणजे किती ओळखता?"

पंचाने बाईंकडे सरळ पाहिलं. मग तो म्हणाला, "माझा कुठलाही निर्णय हिच्या बाजूने लागला तर तो कोणी मानू नये, इतकं."

मला ते कळायला क्षणभर वेळ लागला. आणि कळलं तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या. छातीत काहीतरी उसळून आलं, आणि अंगाचा नुसता भडका उडाला. कारण मी ज्या वाक्याची बस स्टॉपवर वाट पाहिली होती, ते त्याने इथे, सगळ्यांसमोर, मी चोर ठरत असताना उच्चारलं होतं. कुजबुजीचे शब्द आता स्पष्ट ऐकू येत होते. तरीच जिंकत होती. तरीच.

"हे सकाळी सांगायचं होतं," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण टायपिंगच्या वर्गात त्या कशा उभ्या राहत असतील ते दिसलं. "परीक्षेला नातलग असेल तर पर्यवेक्षक वर्ग बदलून मागतो. हे शाळेतल्या शिपायालाही कळतं."

"चुकलं माझं."

"बाहेर थांबा. आजपासून तुम्ही पंच नाही. मशीनच्या कामाचं नंतर बघू." त्या खांबाकडे वळल्या. "आक्षेप तुझा. पॅड तू उघड. सगळ्यांना दिसेल असा."

पंच बाहेर गेला. माझ्याकडे न बघता गेला, आणि त्याचाही मला राग आला.

खांबाने पॅड उघडला. एकेक भाग काढून पांढऱ्या कागदावर मांडला. आत चिप नव्हती. धूळ होती, आणि बिस्किटाचा चुरा होता. कोणीतरी हसलं. खांब हसला नाही. त्याने बराच वेळ सगळं निरखलं आणि म्हणाला, "काही नाही."

"तरीही," बाई म्हणाल्या, "ज्या सामन्याला असा पंच होता तो सामना मी धरणार नाही. पहिल्यापासून खेळा. मी बसते खुर्चीवर. पॅड हॉलचा, नवा, सगळ्यांसमोर खोक्यातून काढलेला."

"मी जिंकलेय," मी म्हटलं.

"मग पुन्हा जिंक."

नवा पॅड माझ्या हातात परका होता. दांडी कडक, अंगठा जायला निघाला की किंचित उशिरा जायची. बाई खुर्चीवर बसल्याच नाहीत. त्या माझ्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि स्क्रीनकडे न बघता माझ्या अंगठ्याकडे बघत राहिल्या, पूर्वी मुलींच्या बोटांकडे बघत असतील तशा. सगळा हॉल सरकत सरकत मागे जमला. आता कोणाला जिंकणं-हरणं बघायचं नव्हतं. मला पकडायचं होतं.

मी रागाने खेळले. पहिली फेरी गेली. दुसरीत धुरातून पाऊल ऐकू आलं, मी वळले आणि मारला. मागून कोणाचा तरी श्वास ऐकू आला. पुढे एकदा तसंच वळले, पुन्हा मारला.

"अंगठाच आहे," बाई मागे कोणाला तरी म्हणाल्या. "मी बघतेय ना."

पुन्हा बरोबरी झाली. शेवटच्या फेरीत खांब समोरून आला. उघड्या जागेत, धूर नाही, काही नाही. मी त्याला आधी पाहिलं. अंगठा गेला, दांडी उशिरा गेली, आणि तेवढ्यात त्याने मला मारलं.

मी पॅड टेबलावर ठेवला.

खांब उठून माझ्या टेबलापाशी आला. "मगाचचा सामना तुमचाच होता," तो म्हणाला. "पॅडवर असं वळता येतं हे मला आज कळलं. आक्षेप घेतला त्याचं वाईट वाटतंय."

"तुम्ही नियमाने घेतलात," मी म्हटलं. माझा राग त्याच्यावर नव्हताच. 

हॉलच्या मागे लोखंडी जिना होता. पंच तिथे बसला होता. बारीक पाऊस लागला होता आणि त्याचा एक खांदा भिजत होता, तरी तो सरकून आत बसला नव्हता. मला बघून तो उठला.

"हरले," मी म्हटलं.

माझ्यासाठी कोरडी पायरी सोडून तो खाली उतरला.

"जिंकले होते. आणि मग हरले. ती जागा गेली. आणि निम्मा हॉल अजूनही म्हणत असेल की आधीच्या फेऱ्या तुम्ही मला सोडल्या."

"हो."

"हो काय? तुम्हाला एवढंच म्हणायचं होतं, की पॅड उघडतो. उघडायचा, आत काही नाही म्हणून दाखवायचं, संपलं. आत काही नव्हतंच. का नाही उघडलात? शंका होती?"

"नव्हती."

"मग?"

त्याने जिन्याचा गज धरला. पावसाचं पाणी त्यावरून त्याच्या बाहीत उतरत होतं. "स्क्रू फिरवणार होतो," तो म्हणाला. "तेवढ्यात मनात आलं – समजा, निघालीच चिप. शंका नाही, पण समजा. तर मी काय करेन... आणि मला लगेच कळलं मी काय करेन. मी झाकण परत लावेन आणि सांगेन, आत काही नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिले.

"मी असा नाहीये," तो म्हणाला. "इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसलोय. मित्राला बाद केलंय. पण तुमच्यासाठी मी खोटं बोललो असतो, आणि मला वाईटही वाटलं नसतं. मग माझ्या खरं बोलण्याला तरी काय किंमत राहिली? तुमचा पॅड स्वच्छ आहे असं मी म्हटलं असतं, तर ते... त्यात तुमचंच नुकसान होतं. ते कधी खरं वाटलंच नसतं. मलाही."

पायाखालच्या पायऱ्यांवर पाऊस टपटपत होता. मला रागावायला अजून पुष्कळ होतं. कोणी माझ्यासाठी खोटं बोलायला तयार व्हावं, आणि त्याच कारणाने बोलू नये... याचं काय करायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मी कोरड्या पायरीवर बसले. "बाईंना तुम्ही सांगितलंत, किती ओळखता ते. मला नाही सांगितलंत."

"बस स्टॉपवर सांगणार होतो."

"नाही सांगितलंत."

"तुम्ही 'आपलं काय' म्हणून विचारलंत, आणि मला वाटलं, तुमच्या बाजूने काही नाहीच." तो माझ्याहून दोन पायऱ्या खाली उभा होता, त्यामुळे त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले होते. भुवईवर पाण्याचा थेंब होता. "मला तुम्ही आवडता. रोजच्या रोज आवडता. आज खुर्चीवर बसून मी सामना बघतच नव्हतो, तुम्ही एकदा तरी वर बघाल म्हणून वाट बघत होतो. असा पंच कोणी ठेवू नये. बाईंनी काढलं ते बरोबर केलं."

"मी मुद्दाम बघत नव्हते," मी म्हटलं. "बघितलं असतं तर पहिल्याच फेरीत मेले असते."

त्याला ते हळूहळू कळलं. कळताना मी बघत होते. आधी कपाळ, मग डोळे, आणि सगळ्यात शेवटी ओठ.

"मला अजून राग आहे," मी घाईने म्हटलं.

"असू द्या."

"जायला वेळ लागेल त्याला."

"मी थांबतो."

"इथे? पावसात?"

"इथे. नाहीतर तुम्ही म्हणाल तिथे."

मी उठले, ओढणी डोक्यावरून घेतली. वाऱ्याने एक सर जिन्यात आली आणि आम्ही दोघंही एकाच कोपऱ्यात सरकलो. त्याच्या ओल्या बाहीचा गारवा माझ्या दंडाला लागला. कोणीही बाजूला झालं नाही.

"घरी चल," मी म्हटलं. "आई वाट बघत असेल. हरल्याचं एकटीने सांगायचं माझ्याने होणार नाही."

"चल?" तो म्हणाला.

"चला म्हटलं मी."

"नाही. चल म्हणालीस."

मी उत्तर न देता जिना उतरायला लागले. त्याने मागून येऊन माझा हात धरला. या वेळी विचारलं नाही. रस्त्यावर दिवे लागत होते, आणि पाऊस आता चांगला धरला होता.

"आईला काय सांगणार आहेस?" वळणापाशी त्याने विचारलं.

"खरं तेच. हरले, आणि तुझ्यामुळे हरले."

त्याने माझा हात सोडला नाही. "आणि?"

"आणि तरी तुला घेऊन आले."